कात्रीचा शोध

कात्री सुरक्षित जागी ठेवायची, एवढंच तिनं ठरवलं होतं. यात तिचं काय चुकलं, हे तिला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही.

गुरुवारची दुपार होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतला गुलाब छाटायचा म्हणून तिनं मास्तरकाकांची कात्री आणली होती. मास्तरकाका वरच्या मजल्यावरचे. शाळा सोडून सहा वर्षं झाली तरी जिना चढताना पायऱ्यांची हजेरी घेतल्यासारखे मोजत चढायचे. इमारतीतल्या सात घरांनी मिळून गच्चीवर कुंड्यांची बाग केली होती, तिचे ते मुख्य. आणि त्यांची ती लाल मुठीची, चामड्याच्या म्यानातली छाटणीची कात्री म्हणजे त्यांचा जीव की प्राण. टेलरकाकूंनी दोनदा मागितली, तर "तुमच्याकडे कापडाची आहे ना?" म्हणून त्यांना हात हलवत परत पाठवलं होतं. हिला मात्र त्यांनी आपणहून दिली.

"तुझ्या हाताला झाड लागतं, पोरी. ने. पण जपून हं."

सातवीत शाळा सुटल्यापासून कुठल्या मास्तरानं तिच्यावर एवढा विश्वास टाकायची ही पहिलीच वेळ. त्या आनंदात तिनं गुलाब जरा जास्तच छाटला. (तो अजून रुसलेला आहे.) चार फांद्या छाटायच्या उरल्या होत्या, एवढ्यात आतून बाळ रडलं. ती धावली. हातात उघडी कात्री, समोर रांगतं बाळ. आता पटकन ही सुरक्षित जागी ठेवायची, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं ठेवली.

कुठे, ते मात्र बाळाला दूध पाजेपर्यंत ती विसरून गेली.

आता घरातल्यांना तिच्या सुरक्षित जागा माहीत होत्या. म्हणजे माहीत नव्हत्या, तीच तर अडचण होती. बाळ रांगायला लागल्यापासून तिनं सुया, काडेपेट्या, औषधं, बटणं, सगळं उचलून सुरक्षित जागी ठेवलं होतं, आणि त्यातलं निम्मं अजून सुरक्षितच होतं. तापमापक दोन महिने सुरक्षित होता. नवऱ्याची दाढीची पाती तर इतकी सुरक्षित होती, की त्यानं शेवटी दाढीच वाढवली.

पण ही गोष्ट निराळी होती. पात्यांची कडी न लावलेली उघडी कात्री घरात कुठेतरी होती, आणि बाळ जमिनीवरचं जे दिसेल ते तोंडात घालत होतं.

शुक्रवारी तिनं कपाटं उपसली. शनिवारी पीठ चाळलं. गाद्या उलट्या केल्या, उशा दाबून पाहिल्या, मोरीच्या जाळीत हात घातला. आणि या तीन दिवसांत तिनं बाळाला जमिनीवर पाय टेकवू दिला नाही. भाजी चिरताना कडेवर, कपडे वाळत घालताना कडेवर. हात भरून यायचे, पण खाली ठेवायचा धीर होत नव्हता.

"काय गं," सासूबाई म्हणाल्या, "पोराला जमीन दाखवायचीच नाही असं ठरवलंयस का?"

"फरशी गार आहे, आई."

"या उकाड्यात?"

"त्याला... लागते गार."

सासूबाईंनी चपला न घालता खोलीभर एक फेरी मारली आणि फरशी गार नसल्याचं सिद्ध केलं. ही प्रत्येक पावलापुढची फरशी डोळ्यांनी झाडत होती. सांगावं तर सासूबाई आधी घर डोक्यावर घेतील, मग वर जाऊन मास्तरकाकांची माफी मागतील, आणि मग पुन्हा खाली येऊन हिला बोलतील. त्यापेक्षा आधी कात्री सापडू दे, मग सांगू, असं म्हणत म्हणत शनिवारची संध्याकाळ झाली. तेवढ्यात बागेच्या ग्रुपवर मास्तरकाकांचा निरोप आला.

"उद्या चार वाजता गच्चीवर जमावे. विषय : घरातल्या वस्तूंचा शोध. प्रत्येकाने तयारीने यावे."

तिनं तो तीनदा वाचला. घरातल्या वस्तूंचा शोध! म्हणजे मास्तरकाकांना कळलं होतं. आणि आता सगळे तयारीनं येणार, घरोघर शिरणार, कपाटं उघडणार, शोध घेणार. टेलरकाकू तर नक्कीच तिच्याकडून सुरुवात करतील, त्यांचा दोन नकारांचा राग होताच.

तरी तिनं "हो, येते" असं लिहून पाठवलं, आणि खाली हसरा चेहरा टाकला. (तो रडका टाकायचा होता, पण बाळानं बोट लावलं.)

रविवारी दुपारी नवरा खताची गोणी आणायला नर्सरीत गेला. तो गेल्यावर तिनं पुन्हा एकदा सगळं घर पालथं घातलं. कात्री नाही. चारला दहा मिनिटं असताना तिनं मनाशी ठरवलं, की काकांना सगळं सांगायचं. पण घरात कुणाला शिरू द्यायचं नाही. घराची अवस्था अशी होती, की चोर आला असता तर वाईट वाटून दोन वस्तू ठेवून गेला असता.

तिनं कात्रीचं रिकामं म्यान पिशवीत टाकून बरोबर घेतलं. निदान ते तरी परत करता येईल. दाराला कुलूप लावलं. आता किल्ली? कमरेला खोचली तर कुणी मागेल. पर्समध्ये ठेवली तर टेलरकाकू बघतील. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि किल्ली सुरक्षित जागी ठेवली.

"चला, आई."

ऊन आहे म्हणून सासूबाईंनी कुलूप लागण्याआधीच दारामागच्या खिळ्यावरची आपली काळी छत्री घेतली होती. त्या छत्रीला घरात दुसरं कुणी हात लावत नसे. ती काठीसारखी टेकत त्या जिना चढायला लागल्या आणि दुसऱ्याच वळणावर थांबल्या.

"आज छत्रीसुद्धा जड लागतेय बघ मला. वय झालं, दुसरं काय."

"द्या माझ्याकडे."

"तू पोर सांभाळ. तुला तेवढं ओझं पुरे."

गच्चीवर सगळे टोमॅटोच्या कुंड्यांजवळ सतरंजी टाकून बसले होते. टेलरकाकू होत्या, दवाखान्यातल्या नर्सताई होत्या, आणखी दोघंतिघं होती. मधोमध मास्तरकाका, आणि त्यांच्यापुढे एका रिकाम्या कुंडीत घडी केलेल्या चिठ्ठ्या. कुणाच्या हातात टॉर्च नव्हता, की चाव्यांचा जुडगा नव्हता. तरी ती जिन्याच्या तोंडाशीच बसली. कुणी खाली निघालंच, तर आधी हिच्या अंगावरून जावं लागलं असतं.

"तर मंडळी," मास्तरकाका म्हणाले, "आपण रोज ज्या वस्तू वापरतो त्या आल्या कुठून, हे आपल्याला ठाऊक असतं का? झाडांवर तर आपण रोजच बोलतो. आज जरा गंमत. चिठ्ठी उचला, त्या वस्तूचा शोध कसा लागला ते सांगा. बरोबर आलं तर एक गुण."

अगबाई! हा शोध होय! तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. ती इतकी सैल झाली, की कडेवरचं बाळही जरा खाली घसरलं.

टेलरकाकूंना पत्र्याचा हवाबंद डबा आला.

"डब्याचं काय सांगायचं? उघडायचा आणि खायचं."

"तीच तर गंमत आहे," मास्तरकाका खुलले. "डबा आधी आला, आणि तो उघडायचं साधन आलं त्यानंतर कित्येक वर्षांनी. तोवर लोक छिन्नी-हातोडीनं फोडायचे."

"आमच्या ह्यांच्यासारखे," टेलरकाकू म्हणाल्या, आणि सगळे हसले. तीही हसली. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

नर्सताईंनी चिठ्ठी उचलली. "लहान मुलांचा डायपर. हे मला माहितेय! एक आई ओल्या कपड्यांना कंटाळली होती. तिनं न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा घेतला, कापला, आणि त्याचं वरून घालायचं आवरण शिवलं. पुढचे सगळे डायपर त्या वाटेनं आले."

"वा! एक गुण. बघा, घरातल्या बाईच्या डोक्यातून काय काय निघतं."

सगळे हिच्याकडे आणि बाळाकडे कौतुकानं बघायला लागले. पण हिच्या मनात 'पडदा कापला' एवढंच अडकलं. कापला, म्हणजे त्या बाईकडे कात्री होती. आणि ती तिला वेळेवर सापडली होती.

"आता आमच्या सूनबाईंचा नंबर," मास्तरकाका म्हणाले.

तिनं कुंडीत हात घातला, चिठ्ठी उघडली. मास्तरकाकांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'कात्रीचा शोध कोणी लावला?'

तिला सगळं उमगलं. हे मास्तर होते. मास्तर लोक सरळ कधी विचारत नाहीत, आधी दुसऱ्या दोघांना सोपं सोपं विचारतात आणि मग नेमकं ज्यानं खिडकी फोडली त्याला उभं करतात.

"वाच की मोठ्यानं," टेलरकाकू म्हणाल्या.

"कात्रीचा शोध," तिनं एवढंच वाचलं आणि चिठ्ठी मिटली.

"हां. तर? लागला का?" मास्तरकाकांनी विचारलं.

"नाही लागला अजून," ती म्हणाली.

"अगं, लागलाय. कधीचाच लागलाय."

"लागला?" ती ताडकन उठली. "कधी?"

"झाली असतील तीनचार हजार वर्षं."

"असं कसं? गुरुवारपर्यंत तर होती!"

"गुरुवारी?" मास्तरकाकांनी चष्मा वर केला. "पोरी, कुणी लावला त्याचं नाव काही कुठे मिळत नाही. नाव नाही आलं तरी चालेल."

"नाव काय लपवायचं, काका. माझंच नाव लिहा."

"तू शोध लावलास?"

"लावला नाही हो! हरवली!" आणि तिला रडूच फुटलं. "तुमची कात्री माझ्याकडून हरवली. गुलाबाच्या चार फांद्या राहिल्या होत्या, बाळ रडलं, आणि कडी न लावता, उघडीच ठेवली कुठेतरी सुरक्षित जागी. तीन दिवस शोधतेय. हे तेवढं राहिलंय." तिनं पिशवीतून म्यान काढून त्यांच्या हातात दिलं.

मास्तरकाका म्यानाकडे बघत राहिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतंच "बरं" म्हणाले, आणि ते 'बरं' तिला छडीसारखं लागलं.

सासूबाईंचं गणित मात्र आता कुठे जुळलं होतं.

"म्हणजे तीन दिवस घरात उघडी कात्री पडलीय? आणि मी अनवाणी फिरतेय? आणि तू मला फरशी गार म्हणून सांगतेयस?"

"आई, मी..."

"आधी ते पोर दे इकडे! उन्हानं लाल झालंय. सावलीत तरी घेते त्याला."

त्या उठल्या, छत्री पुढे धरली आणि रागारागानं फटकन उघडली.

छत्रीतून काहीतरी लाल निघालं, दांडीवरून घसरलं, आणि मास्तरकाकांच्या लाडक्या टोमॅटोच्या कुंडीत 'खच्च' करून उभं रुतलं. वरचा एक हिरवा टोमॅटो हलला, त्यानं विचार केला, आणि तो खाली पडला.

मग बाळानं टाळ्या वाजवल्या.

"दारामागचा खिळा!" ती ओरडली. "बाळाचा हात पोचत नाही म्हणून! आठवलं, आई, आत्ता आठवलं!"

"आता आठवून काय उपयोग?" सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे अख्खा जिना मी हे खड्ग घेऊन चढले."

मास्तरकाकांनी कात्री उपटली, धोतराच्या टोकानं पुसली, कडी लावली. म्यानात घालायला गेले, ती पूर्ण जाईना. "म्यान आकसलेलं दिसतं," असं पुटपुटत त्यांनी ती तशीच अर्धवट खोचली आणि खिशातून वही काढली.

"प्रश्न होता, कात्रीचा शोध कोणी लावला. उत्तर सगळ्यांसमोर आहे." आणि त्यांनी सासूबाईंच्या खात्यावर एक गुण लिहिला.

हशा झाला, चिठ्ठ्या संपल्या, सूर्य खाली गेला. तिघं जिना उतरली तेव्हा दारात नवरा उभा होता. खांद्यावर खताची गोणी, दाढीत खताची धूळ.

"अर्धा तास झाला! किल्ली कुठेय?"

तिनं कमरेला हात लावला. पिशवी झटकली. पर्स उपडी केली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "सुरक्षित जागी ठेवलीय."

नवऱ्यानं गोणी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला. सासूबाईंनी छत्री पुन्हा उघडली, उलटी करून झटकली. काही पडलं नाही.

तेवढ्यात वरून पायऱ्या मोजत मास्तरकाका आले. एका हातात कात्री, दुसऱ्यात म्यान.

"सूनबाई, आकसलं नव्हतं ते. तळाशी हे अडकलं होतं." त्यांनी म्यान उलटं केलं आणि किल्ली तिच्या तळहातावर पडली. ती मान खाली घालून उभी राहिली. "काका, आता काही तुम्ही मला..."

"गुलाबाच्या चार फांद्या राहिल्यात म्हणालीस ना? उद्या कात्री घेऊन जा," ते म्हणाले. "काम झालं की तशीच हातात घेऊन वर यायचं. ठेवायची कुठेच नाही."

तिला पुन्हा रडू आलं, पण हे वेगळं होतं. तिनं बाळाला तीन दिवसांनी पहिल्यांदा खाली सोडलं, आणि ते तरातरा दाराकडे रांगत गेलं.

सासूबाई मात्र अजून छत्री टेकून उभ्या होत्या.

"कात्रीचा शोध मी लावला," त्या मुलाला म्हणाल्या. "किल्लीचा मास्तरांनी लावला. आता मला एवढंच सांग बाबा, हिचा शोध कोणी लावला होता?"

नवरा गोणीवरून न उठताच म्हणाला, "तूच की, आई. चौदा घरं पालथी घालून."

"बरोबर उत्तर," मास्तरकाका म्हणाले, आणि वही काढून त्यांनी सासूबाईंचा दुसरा गुण लिहिला.