घोडा अडीच घरं

नगरपालिकेच्या बैठकीत अध्यक्ष झोपत नसत. डोळे उघडे ठेवून ते दुसरीकडे कुठेतरी निघून जात, एवढंच. दुपारची वेळ, जेवण नुकतंच झालेलं, डोक्यावर पंखा आपल्याच तंद्रीत फिरतोय आणि अभियंता एका सुरात विषय वाचतोय, अशा वेळी देवमाणूससुद्धा जागेवर राहिला नसता. अध्यक्ष अधूनमधून मान हलवत होते, मधूनच 'हं' म्हणत होते. त्यांच्यापुढच्या हिरव्या टेबलक्लॉथवर, बाकी कुणाला न दिसणारा, बुद्धिबळाचा एक अर्धा डाव मांडलेला होता.

खरा डाव वाचनालयाच्या मागच्या खोलीत होता. तिथे फाटकी पुस्तकं बांधणीची वाट बघत पडलेली असत, त्यामुळे सहसा कुणी फिरकत नसे. अध्यक्ष मागच्या दाराने आत शिरत आणि थोड्या वेळाने पुढच्या दाराने मास्तर येत. मास्तर म्हणजे विरोधी पक्षनेते. पूर्वी ते शाळेत भूगोल शिकवत, म्हणून सगळं गाव त्यांना मास्तरच म्हणे. सभागृहात दोघं एकमेकांचं तोंड बघत नसत. खोलीत आले की मात्र अरे-तुरे, कारण लहानपणी एका बाकावर बसलेली माणसं ती. हे बाहेर फुटलं असतं, तर साटंलोटं केलं म्हणून दोघांच्याही पक्षांनी त्यांना घरी बसवलं असतं.

गंमत अशी की निवडणूक दर वेळी अध्यक्ष जिंकत आणि डाव दर वेळी मास्तर. सभागृहात मास्तरांचं म्हणणं आजवर एकदाही मंजूर झालेलं नव्हतं, आणि त्या खोलीत अध्यक्षांनी आजवर एक डाव मारलेला नव्हता. खुर्ची आहे, गाडी आहे, दारावर पाटी आहे, पण एक लाकडी राजा आपल्याला कोंडता येत नाही, याचं अध्यक्षांना फार वाईट वाटे. या वेळी मात्र डाव रंगात आला होता. पहिल्यांदाच त्यांचं पारडं जड होतं आणि कालपासून एक घोडा त्यांना सारखा खुणावत होता.

"पुढचा विषय, चौकातला घोडा," अभियंता म्हणाला.

चौकात एक दगडी घोडा होता. त्याच्यावर स्वार कुणाचा बसवायचा यावरून भांडणं झाली आणि ती मिटेनात, म्हणून बिचारा तसाच रिकामा उभा होता. अगदी वळणावर असल्याने बसगाड्या अडकायच्या. तो हलवायचं सगळ्यांनाच मान्य होतं, कुठे ते ठरत नव्हतं. अभियंत्याने हे सविस्तर सांगितलं. अध्यक्षांच्या कानात त्यातला फक्त घोडा शिरला.

"अडीच घरं," ते म्हणाले.

"म्हणजे, साहेब?"

"घोडा अडीच घरंच जातो. दोन सरळ, मग उजवीकडे."

"कधी न्यायचा?"

"आजच. थांबलो तर संधी जाईल," अध्यक्ष म्हणाले आणि असे काही गोड हसले, की पुढे विचारायचा कुणाला धीर झाला नाही.

अभियंता हुकमाचा ताबेदार होता. 'का' विचारणाऱ्याची बदली होते हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने क्रेन आणली, चौकापासून सरळ दोन घरं सोडली, उजवीकडच्या गल्लीत वळला आणि तिथल्या पहिल्या घराच्या बरोबर अर्ध्यावर घोडा उतरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. दारं उघडली तेव्हा गल्लीत घोडा उभा, फिरायला म्हणून निघाला आणि घरचा पत्ता विसरला असा. धुक्यामुळे की काय, कुणी मोठ्याने बोलेना. एक म्हातारे गृहस्थ तर त्याला वाट देऊन अदबीने बाजूने गेले.

ते घर शिंपीणबाईंचं होतं. त्यांनी खिडकी उघडली, तर निम्म्या खिडकीत उजेड आणि निम्म्या खिडकीत घोड्याची मागची बाजू.

अध्यक्षांना ही बातमी आंघोळ करताना कळली. बायकोने दाराबाहेरून विचारलं, "अहो, त्या शिंपीणबाईंनी तुमचं काय वाकडं केलंय?"

"कुणी?"

"त्यांच्या दारात घोडा नेऊन ठेवलात ना? दोन घरं सरळ आणि मग उजवीकडे, असं तुम्हीच सांगितलंत म्हणे."

अध्यक्षांच्या हातातून साबण निसटला. आपण बैठकीत मोठ्याने बोललो हे त्यांच्या लक्षात आलं, पण त्याहून वाईट गोष्ट पुढेच होती. डोळ्यांत साबण गेल्यामुळे त्यांनी डोळे मिटले, मिटल्या डोळ्यांपुढे पट आला, आणि त्यात त्यांना स्वच्छ दिसलं, की घोडा तिथून हलला रे हलला की आपला वजीर मास्तरांच्या हत्तीपुढे उघडा पडतो. ती चाल साफ चुकली होती. खोलीतल्या पटावर ती अजून केलेली नव्हती, हेच काय ते नशीब.

ते गल्लीत पोचेपर्यंत वार्ताहर जमले होते. झोप लागली होती असं सांगायची सोय नव्हती. गल्लीबोळांची आजवर फार उपेक्षा झाली, आता शोभा त्यांच्या दारी जाईल, असं काहीतरी अध्यक्ष बोलले. ते ऐकून त्यांचं त्यांनाच बरं वाटलं. फोटोवाल्यांनी आग्रह केला तेव्हा त्यांनी घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि हसून दाखवलं.

तेवढ्यात मास्तर निषेधाच्या घोषणा देत आपल्या माणसांसह आले. वळणावर ते थबकले. त्यांनी मागे चौकाकडे पाहिलं, बोटाने घरं मोजली, घोड्याकडे पाहिलं, मग अध्यक्षांच्या हाताकडे. पुढची घोषणा त्यांच्या घशातच राहिली. मास्तरांना हसू इतकं अनावर झालं, की त्यांना ते खोकल्यावर न्यावं लागलं आणि कुणीतरी धावत जाऊन पाणी आणलं.

घोडा लगेच परत नेऊ, असं अध्यक्षांनी शिंपीणबाईंना कबूल केलं. पण घोडा बघायला माणसं येऊ लागली. घोडा बघून झाला की त्यांची नजर खिडकीकडे जाई आणि कुणाला उसवलेली बाही आठवे, कुणाला तुटलेलं बटण. बाईंची मशीन थांबेना. क्रेनवाला मोजमाप घ्यायला आला तेव्हा बाई कात्री घेऊनच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "उजेडाचं माझं मी बघते. घोड्याला हात लावायचा नाही."

वाचनालयातल्या खोलीत मास्तर हात बांधून वाटच बघत होते.

"हं, चालव घोडा."

"मी अजून चाल केलेली नाही," अध्यक्ष म्हणाले.

"सगळ्या गावानं बघितलीय."

"अरे, तो दगडाचा."

"दगडाचा असो की लाकडाचा. हात लावलास की नाही? फोटो छापून आलाय. आपला नियम काय?"

नियम असा होता, की ज्याला हात लागला तो चालवायचाच. तो अध्यक्षांनीच एकदा रागाच्या भरात केला होता. त्यांनी विनवलं, चिडून पाहिलं, शाळेतल्या मैत्रीचा हवाला दिला. शेवटी त्यांना आपल्या हातातली गोष्ट आठवली. "घोडा चौकात परत नेला तर? तर चाल परत?"

मास्तरांनी बांधलेले हात सोडले. "सभागृहात ठराव मंजूर करून नेलास तर परत. नाही झाला, तर इथं येऊन मुकाट्यानं घोडा चालवायचा."

अध्यक्ष मनात हसले. आजवर त्यांचा एक ठराव पडलेला नव्हता.

सभेच्या दिवशी त्यांनी घोडा परत नेण्याचा ठराव मांडला आणि वाहतुकीपासून परंपरेपर्यंत सगळं काही बोलून घेतलं. वळणावरून घोडा हलवायचं सगळ्यांनीच मान्य केलं होतं, हे त्यांनी अर्थातच वगळलं. मग मास्तर उठले. घोडा आहे तिथेच शोभतो, तो तिथेच राहावा, अशी उपसूचना त्यांनी मांडली, तेव्हा त्यांच्याच पक्षाची माणसं दचकली. "माननीय अध्यक्षांनी त्या घोड्याला सर्वांसमक्ष हात लावलेला आहे," मास्तर म्हणाले. "हात लावल्यावर मागं घ्यायचं नसतं. हा साध्या सभ्यतेचा प्रश्न आहे."

घोडा राहावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत, असं सचिवांनी सांगितलं. मास्तरांच्या माणसांचे हात गेले. सत्ताधारी मंडळी घोटाळ्यात पडली. घोडा नेला साहेबांनी, आठवडाभर आपण त्याचं कौतुक करत फिरलो तेही साहेबांसाठी, तेव्हा हा ठराव नुसता लोकांना दाखवायला असणार, असा त्यांनी शहाणपणाने अर्थ लावला. खात्रीसाठी त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब तिथे नव्हते. ते हिरव्या टेबलक्लॉथवर जाऊन, समजा घोडा गेलाच, तर उंट मधे घालून वजीर वाचतो का, ते बघत होते. दिसत नसलेला तो उंट त्यांनी उचलला आणि कुठे ठेवावा ते न कळून हात वरच धरला. तो हात बघून उरलेले सगळे हात भराभरा वर गेले.

"विरोधात कुणीही नाही," सचिव म्हणाले.

बाकं वाजू लागली तेव्हा अध्यक्ष भानावर आले. समोर मास्तर उभे होते, चष्मा हातात, डोळे भरलेले. इतकी वर्षं ते त्या सभागृहात बोलले होते आणि दर वेळी पडून खाली बसले होते. आता बसायचं कधी असतं, हेच त्यांना कळेना.

तिसऱ्या प्रहरी दोघं खोलीत आले. खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं आणि त्यात जुन्या पुस्तकांची धूळ सावकाश फिरत होती. शब्दाला जागून अध्यक्षांनी घोडा उचलला, दोन घरं सरळ, मग उजवीकडे. वजीर उघडा पडला. मास्तरांनी हत्ती नुसता सरकवायचा होता. अध्यक्षांना आत कुठेतरी खरंच दुखलं. याही वेळी राहिलं, असं त्यांच्या मनात आलं.

मास्तरांचा हात वर गेला आणि तसाच थांबला.

"किती वेळ वाजत होती रे बाकं?"

"बराच वेळ."

"मागच्या रांगेतलेसुद्धा वाजवत होते," मास्तर म्हणाले आणि त्यांनी बोटाने कडेचं एक प्यादं पुढे ढकललं.

अध्यक्षांनी प्याद्याकडे पाहिलं, मग आपल्या उघड्या वजिराकडे. अरे, नीट बघ, असं मित्राला सांगायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग त्यांनी घोडा आणखी एकदा उडवला. मास्तरांचा राजा आपल्याच हत्तीच्या आणि प्याद्यांच्या गर्दीत उभा होता, त्याला सरकायला घर नव्हतं. हा क्षण अध्यक्षांनी किती वेळा मनात घोळवला होता. आपण कसे बोलू, मास्तर कसे बघतील, सगळं ठरलेलं होतं. आता त्यातलं काहीच आठवेना.

"मात," ते हळूच म्हणाले.

मास्तर उन्हातल्या धुळीकडे बघत हसले. "तेच ना. एकही मत फुटलं नाही."

"मत नाही रे. मात."

"तुझंही होतं की त्यात," मास्तर म्हणाले आणि त्यांनी प्रेमाने अध्यक्षांचा हात दाबला.