पाचवा पेला

"सायकलवर निघालात की टँकर घेऊन?" उल्काताईंनी दारातूनच नवऱ्याला विचारलं.

शरच्चंद्र बाटल्यांची झाकणं घट्ट करत होते. मागच्या रविवारी ते खडकवासल्याला एकच बाटली घेऊन गेले होते. परतीच्या वाटेवर त्यांना भोवळ आली आणि फ्लॉवरच्या टेम्पोत आडवे होऊन ते बिबवेवाडीत अवतरले. सोसायटीतल्या प्रत्येकाने त्यांना "काय भाव दिला?" असं विचारून घेतलं होतं. पाटबंधारे खात्यात उभी हयात घालवलेला माणूस पाण्यावाचून पडतो म्हणजे काय! म्हणून आज सायकलच्या दांडीला दोन बाटल्या, पाठीला पाण्याची नळीवाली पिशवी आणि कॅरिअरवर पाच लिटरचा कॅन असा बंदोबस्त होता.

चष्म्याचं दुकान चालवणारे त्यांचे मित्र मैनुद्दीन खाली उभे होते. त्यांच्याकडे एकच बाटली होती, तीही अर्धी.

"शरदराव, वाटेत हॉटेलं आहेत."

"बाहेरचं पाणी मी पीत नाही."

"मग घाट चढल्यावर बोलू," मैनुद्दीन म्हणाले.

कात्रजच्या जुन्या घाटात तिसऱ्या वळणावर कॅन शरच्चंद्रांना मागे ओढू लागला. मैनुद्दीन म्हणाले, "ओतून टाका थोडं."

"पाणी ओतायचं? मी?" शरच्चंद्रांनी असं पाहिलं, की जणू मैनुद्दीननी धरण फोडायला सांगितलं होतं. पण वजन तर कमी करायला हवं होतं. मग त्यांनी ते शास्त्रशुद्ध मार्गाने कमी केलं. प्रत्येक वळणावर थांबून ते पाणी प्यायले. बोगदा येईपर्यंत कॅन हलका झाला. सायकलवरचा भार मात्र होता तेवढाच राहिला, कारण कॅनमधलं पाणी फक्त जागा बदलून शरच्चंद्रांच्या पोटात आलं होतं.

घाट उतरताना प्रत्येक खड्ड्याने त्या पाण्याची आठवण करून दिली. खाली पेट्रोल पंपावरच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. पुढच्या हॉटेलात लग्नाच्या वऱ्हाडाची आख्खी बस रांगेत उभी होती. शेवटी शरच्चंद्रांनी सायकल एका गावाच्या कच्च्या रस्त्याला घातली, एक पांढरी भिंत पाहिली आणि तिच्याआड धाव घेतली. हात चड्डीच्या नाडीला लागतोय तोच मागून आवाज आला.

"ओ पाव्हणं! पिण्याच्या पाण्याची टाकी हाय ती!"

फेटेवाला, धिप्पाड माणूस कमरेवर हात ठेवून उभा होता. शरच्चंद्रांनी नाडीवरचा हात काढला आणि भिंतीवर टिचकी मारली.

"टाकीच बघत होतो."

"कंच्या खात्याचं तुम्ही?"

"पाटबंधारे..." पुढचा 'निवृत्त' हा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला.

"आलं रं, पान्याचं सायेब आलं!" त्या फेटेवाल्या हिंदुरावांनी हाळी दिली. बघता बघता पारावर खुर्ची आली, माणसं जमली. आनंदीबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी गूळ आणि पाण्याने काठोकाठ भरलेला पेला पुढे केला.

"लांबच्या हिरीवनं आणलंय, सायेब. आमच्या नळाला थेंब न्हाई."

शरच्चंद्रांनी केविलवाण्या नजरेने मित्राकडे पाहिलं. मैनुद्दीन हळूच म्हणाले, "नाही म्हणू नका. अपमान होईल." त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलत होतं.

मग वरची आळी झाली, खालची आळी झाली. जिथे जावं तिथे कोरडा नळ आणि भरलेला पेला. शरच्चंद्र गुडघ्याला गुडघा लावून भराभर चालत होते आणि लोक कौतुकाने म्हणत होते, "कामाचा मानूस. टेकंना सुदिक!"

चौथ्या पेल्यानंतर त्यांच्या डोळ्यांसमोर भाटघर धरण उभं राहिलं, सगळे दरवाजे उघडलेलं. पाचवा कसाबसा संपवून त्यांनी होता नव्हता तेवढा साहेबी आवाज काढला.

"आता गावातली स्वच्छतागृहं बघायची आहेत. तातडीनं!"

"शाळेत नवंकोरं हाय," हिंदुराव अभिमानाने म्हणाले. "पर किल्ली ग्रामसेवकाकडं, आन् त्ये गेलंय पुण्याला."

शरच्चंद्रांच्या तोंडून निघालेला आवाज मराठीत लिहिता येण्यासारखा नव्हता. आनंदीबाईंना दया आली. "माज्याकडं चला," त्या म्हणाल्या, आणि साहेब त्यांच्याही पुढे पळाले.

तपासणी बराच वेळ चालली. बाहेर सगळे अदबीने उभे होते. दार उघडलं तेव्हा शरच्चंद्रांच्या चेहऱ्यावर नुकत्याच समाधीतून उठलेल्या माणसाची शांती होती. इतक्या शांत माणसाला खोटं बोलवत नाही.

"हे पाहा, मी कुणी साहेब नाही," ते म्हणाले. "निवृत्त कारकून आहे. तुम्हाला फसवलं. माफ करा."

कुणीच दचकलं नाही.

"ठावं हाय की," आनंदीबाई म्हणाल्या. "सायेब कदी सायकलवर येतो व्हय? त्यो बी चड्डीवर?"

"मग हा सगळा मानपान?"

हिंदुरावांनी घसा साफ केला. "खरा सायेब मंगळवारी यायचाय. घरोघरी पानी पाजायचं, लांबनं आणलंय म्हनायचं, म्हंजी त्येला लाज वाटंल, आसं ठरलंय. तुम्ही आयतं घावलासा, म्हनलं तालीम करून घ्यावी. आता तुमी खात्यातलं हाईसा, तुमीच सांगा. पानी जरा जास्ती हुतंय का?"

मैनुद्दीन आता उघड उघड हसत होते. शरच्चंद्रांनी कॅरिअरवर हलका झालेला कॅन घट्ट बांधला आणि सायकलवर टांग टाकली.

"छे, छे! याच्या दुप्पट पाजा," ते म्हणाले. "फक्त गावातल्या सगळ्या संडासांना कुलपं लावा, आणि नळ सोडायच्या हुकुमावर त्याची सही होईपर्यंत एकही किल्ली देऊ नका."