भरल्या घरातले आप्पासाहेब

जूनमध्ये सोनईजवळच्या त्या हायस्कुलात नववीला ‘दृश्यकला आणि नाट्य’ हा विषय सुरू झाला, तेव्हा हजेरीपटावर सात नावं होती. दसऱ्यापर्यंत एकच उरलं, संस्कृती निमसे. बाकीच्या सहा जणांना कुणीतरी सांगितलं होतं की या विषयात आयते गुण मिळतात आणि त्यासाठी वर्षाला एक फुलदाणी काढावी लागते. पुढं कळलं, की फुलदाणीशिवाय स्वतःचा चेहराही काढायचा असतो आणि दर शुक्रवारी सगळ्यांसमोर उभं राहून झाड व्हायचं असतं. त्यातल्या हर्षलचे वडील शाळेत येऊन सांगून गेले की आमच्या बांधावर झाडं पुष्कळ आहेत, पोराला गणित शिकवा. त्याच्या मागोमाग बाकीचेही गेले.

हा विषय शिकवणाऱ्या पटारे सरांनी मात्र शिकवण्याची पद्धत बदलली नाही. चाळीस मुलांसमोर बोलावं तसे ते मोठ्यानं बोलत, ‘मागच्यांना दिसतंय का?’ असं विचारत, आणि संस्कृती मागं वळून बघून ‘दिसतंय’ म्हणून सांगे.

एकटं असण्याची तिला सवय होती. आई-वडील चाकणला कंपनीत कामाला होते, शाळेसाठी ती सोनईत भारतीआत्याकडं राही. आत्या वाईट नव्हती. पण ती शाळांचे गणवेश शिवून द्यायची आणि मशीन दिवसभर चालू असायचं. त्या आवाजात बोललेलं पोचत नसे, म्हणून दोघींचं बोलणं हातवाऱ्यांनी होई. रविवारी आईचा फोन येई तेव्हाही मशीन चालूच असे.

नोव्हेंबरात मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून घेतलं. एका मुलीसाठी एक खोली अडवून ठेवता येणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. राहुरीच्या शालेय नाट्यस्पर्धेत काही बक्षीस मिळालं तर बघू, नाहीतर संस्कृतीनं दुसरा विषय घ्यावा आणि सरांनी शिष्यवृत्तीचा जादा तास घ्यावा.

नाटक तयार होतं. मुलं होती तेव्हा संस्कृतीनंच लिहिलेलं, नाव ‘भरलं घर’. आजी, आई, वडील, भाऊ आणि एक मुलगी. घरात सगळे असतात, पण मुलीशी कुणी बोलत नाही, अशी ती करुण गोष्ट होती. सर म्हणाले, आता याचं एकपात्री करू.

“नको सर,” संस्कृती म्हणाली. “मोकळ्या घरात एकटीच बोलायला लागले तर लोकांना त्यात काय नाटक वाटणार? तसं तर मी रोजच बोलते. घर भरलेलं दिसलं पाहिजे.”

मग तिनं घर भरायला घेतलं. दुकानातून फ्रिजची रिकामी खोकी आणली, मागून लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि माणसाच्या उंचीची चार माणसं रंगवली. वडिलांचा चेहरा बस स्टँडवरच्या कंट्रोलरचा घेतला, आईचे हात भारतीआत्याचे. आजीला सगळ्यांत जास्त दिवस लागले. तिचं नाक बाजारातल्या लसूणवाल्या बाईचं होतं आणि डोळे कुणाचेच नव्हते, ते तिनं मनानं काढले. रंगवता रंगवता ती त्या माणसांशी बोलू लागली. एकदा सरांनी बाहेरून ते बोलणं ऐकलं आणि नवीन प्रवेश झाला असं वाटून ते आनंदानं हजेरीपट घेऊन आत आले.

स्पर्धेच्या दिवशी चौघांना निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून गोरखच्या टेम्पोत चढवलं. गोरख हा पटारे सरांचा जुना विद्यार्थी, त्यानं फुकट न्यायचं कबूल केलं होतं. सर आणि संस्कृती मोटरसायकलनं पुढं गेले. गोरखला वाटेत एका वस्तीवर आणखी माल उतरवायचा होता, हे त्यानं सांगितलं होतं. तो माल काय, हे त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. आप्पासाहेब नावाच्या पुढाऱ्यांचा त्या दिवशी वाढदिवस होता आणि त्यांचे माणसाच्या उंचीचे चार कटआउट फ्लेक्सवाल्यानं त्याच टेम्पोत टाकले होते. तेही निळ्या प्लास्टिकमध्ये. सोनईत तेवढंच प्लास्टिक मिळतं.

राहुरीच्या सभागृहात संस्कृतीचा क्रमांक सातवा होता. सहावं नाटक संपत आलं तेव्हा टेम्पो पोचला. दोघांनी घाईनं दोऱ्या कापल्या. आतून आप्पासाहेब निघाले. पांढरा सदरा, काळा गॉगल, जोडलेले हात. दुसऱ्या गुंडाळ्यातूनही आप्पासाहेबच निघाले, कानाला मोबाईल लावलेले. तिसरे बोटानं लांबवर काहीतरी दाखवत होते. चौथे हसत चालत येत होते. प्रत्येकाच्या पायाशी ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ असं लिहिलेलं होतं.

सर खुर्चीवर बसले. गोरख म्हणाला, आत्ता जाऊन बदलून आणतो, तासाभरात येतो. आतून सातव्या क्रमांकाची घोषणा झाली.

“सर, नाव मागं घ्यायचं का?” संस्कृतीनं विचारलं.

सरांच्या डोळ्यांसमोर शिष्यवृत्तीचा जादा तास दिसत होता. संस्कृतीनं एक मिनिट चौघांकडं नीट बघितलं. मग तिनं जोडलेल्या हातांचे आप्पासाहेब आजीच्या जागी नेले, चालत येणारे आईच्या, बोट दाखवणारे वडिलांच्या आणि मोबाईलवाले भावाच्या. भावाचं काम तर नाटकातही मोबाईलवर बोलण्याचंच होतं.

पडदा उघडला. प्रेक्षकांनी चार आप्पासाहेब बघितले आणि क्षणभर कुणाला काही कळलं नाही. संस्कृती दप्तर घेऊन आत आली, हात जोडलेल्या आप्पासाहेबांच्या पायाशी बसली आणि मायेनं म्हणाली, “आजी, पाय दुखत्यात का गं तुझे?”

सभागृह असं हसलं की मागच्या दारातला रखवालदार आत बघायला आला. संस्कृती थांबली नाही. तिला हसवायचं नव्हतंच. ती आईला म्हणाली, तू आज कामाला जाऊ नको ना. आई गॉगल लावून हसत पुढं पुढं येत राहिली. तिनं वडिलांना विचारलं, माझं चित्र कुठं ठेवलं, आणि वडिलांनी बोटानं पार सभागृहाच्या छतापलीकडं दाखवलं. ती जितक्या कळवळ्यानं बोलत होती तितके लोक जास्त हसत होते. शेवटी ती चौघांच्या मधोमध उभी राहिली. तिचा आवाज खरंच कापत होता. “एवढी माणसं हायेत घरात. कुणीतरी बोला ना माझ्याशी.”

हे वाक्य ऐकून लोक गप्प झाले. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पदर डोळ्याला लावला. तेवढ्यात मागून कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, “बोला की आप्पासाहेब,” आणि पडदा हसण्यातच पडला.

संस्कृती विंगेत येऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. सरांनी तिच्यासाठी पाणी आणलं आणि ते न देता हातात धरून उभे राहिले. तीन आठवड्यांत आपण रंगवलेली माणसं कुणी बघितलीच नाहीत, आणि जे लिहिलं त्याला लोक हसले, एवढंच तिला कळत होतं.

निकालात ‘भरलं घर’ विनोदी विभागात पहिलं आलं. परीक्षक बाई म्हणाल्या की आजकाल घरातसुद्धा पुढारीच भरलेत, हे भाष्य एवढ्या लहान मुलीनं करावं याचं कौतुक वाटतं. संस्कृती माईकवर म्हणाली की ते चुकून झालं. बाई त्यावरही मनापासून हसल्या. मग त्यांनी नियम वाचून दाखवला. जिल्ह्याची फेरी अहिल्यानगरला, आणि त्यात नटसंच बदलता येणार नाही.

परतताना सर चिंतेत होते. कुणीतरी नाटकाचा व्हिडिओ काढला होता आणि तो आप्पासाहेबांच्याच कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर फिरत होता, हे गोरखनं मोबाईलवर दाखवलं. आपली माणसं तर वस्तीवरून आणायलाच हवी होती. म्हणून दुपारी तीनला टेम्पो आणि मागोमाग सरांची मोटरसायकल आप्पासाहेबांच्या मांडवासमोर उभी राहिली. माफीची दोन वाक्यं सरांनी वाटेत पाठ केली होती.

मांडव रिकामा होता. कार्यकर्ते जेवून पांगले होते. स्टेजच्या दोन्ही बाजूंना बांबूला बांधलेली संस्कृतीची माणसं उभी होती, आणि आजीच्या गळ्यात झेंडूचा हार होता. मधल्या खुर्चीवर आप्पासाहेब बसले होते, गॉगल काढून. ते फोटोपेक्षा बरेच म्हातारे होते.

सरांनी पहिलं वाक्य सुरू केलं. आप्पासाहेबांनी हातानंच त्यांना थांबवलं.

“ही कोण?” त्यांनी आजीकडं बोट करून संस्कृतीला विचारलं.

“आजी.”

“कुणाची?”

“कुणाचीच न्हाई. मी काढलीय.”

सकाळी मांडववाल्यानं न विचारता ही माणसं उभी केली, असं आप्पासाहेबांनी सांगितलं. त्याला वाटलं, हे आप्पासाहेबांचं घरदार असेल. लोक येत गेले आणि आधी आजीच्या पाया पडत गेले. कुणी म्हणालं, आप्पांची आई, अगदी हुबेहूब. “मग मीबी पडलो,” आप्पासाहेब म्हणाले. “सगळे पडल्यावर न पडून कसं चालंल?”

सरांनी दुसरं वाक्य काढायचा प्रयत्न केला. व्हिडिओबद्दल, असं ते म्हणाले.

“बघितला,” आप्पासाहेब म्हणाले. “पुण्याहून दोन्ही पोरांनी फोन केले. हसत होती. म्हणली, आप्पा, तुमी आजी झालात. दर वर्षी वाढदिवसाला नुसता मेसेज येतो त्यांचा.”

मग त्यांनी पुढची फेरी कधी आहे ते विचारून घेतलं. सरांनी नटसंचाचा नियम भीत भीत सांगितला. म्हणजे कटआउट आणखी एक महिना लागणार होते. आप्पासाहेबांनी विचारच केला नाही. चारही न्या, म्हणाले, मी काय, इथं खराच बसलोय. फक्त बदल्यात आजी ठेवून जा.

संस्कृतीनं आजीचा हार सरळ केला. इतके दिवस रंगवलेल्या माणसाला असं कुणाकडं सोडून जायचं म्हणजे तिला अवघड वाटत होतं. “पुठ्ठ्याची हाय,” ती म्हणाली. “बाहेर ठेवू नका. ओल लागली तर मान पडंल.”

“आत सोप्यात ठिवतो. बाकी काय करावं लागतं?”

“रोज थोडं बोलावं लागतं.”

“काय बोलू?”

“जेवलीस का विचारायचं. मग जरा थांबायचं. मग आपणच आपलं पुढचं बोलायचं.”

मांडववाला बांबू मागत होता, म्हणून पटारे सर आजीच्या मागं खाली बसून सुतळी सोडू लागले. आप्पासाहेब उठले. त्यांनी सदरा नीट केला, आजीसमोर उभे राहिले आणि जरा लाजत विचारलं, “जेवलीस का?” आणि सांगितल्याप्रमाणं थांबले.

“नाही हो,” आजीच्या मागून आवाज आला. “सकाळपासून नुसत्या चहावर आहे.”

आप्पासाहेब दोन पावलं मागं सरले आणि खुर्चीला अडकून खुर्चीतच बसले. सुतळीच्या नादात आपल्यालाच विचारलं असं वाटलेले सर ती हातात धरून आजीच्या खांद्यावरून वर आले आणि काय झालं म्हणून विचारू लागले. सगळ्यांत आधी संस्कृती हसली. मग आप्पासाहेब इतके हसले की गोरख टेम्पोतून उतरून आला.

दीडशे माणसांचा स्वयंपाक होता आणि पन्नासच येऊन गेली होती. आप्पासाहेबांनी स्वतः उठून पत्रावळी मांडल्या, आणि चौघं जण जेवायला बसले.