हिरव्या अक्षरांचा दरबार

एका जंगलात, मुलांनो, वीज होती, इंटरनेट होतं आणि तरीही राज्य सिंहाचंच होतं. त्याच्या दरबारात गुंडोपंत नावाचं म्हातारं अस्वल लेखनिक होतं.

पंतांना नवा कॉम्प्युटर मुळीच आवडत नसे. चार शब्द लिहिले की तो खाली लाल रेघ ओढी. शिवाय कोणी काय खोडलं, कधी खोडलं, सगळं जपून ठेवी. चुगलखोर मेला, असं पंत म्हणत.

रोज डबा खाताना त्यांना पहिला कॉम्प्युटर आठवे.

"काय सांगू, दिवाणजी," ते कोल्ह्याला म्हणत, "त्या खोलीत पाय धुऊन जावं लागे. कॉम्प्युटरवर झालरीचं कव्हर असे. ते काढलं की काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. बस्स. आपण लिहीत सुटायचं."

कोल्हा जांभया देई.

एकदा पंत म्हणाले, "आणि खोडलं की खोडलं. मागमूस राहत नसे. म्हणून आम्ही विचार करून लिहीत असू."

कोल्ह्याची जांभई अर्ध्यातच थांबली. "मागमूस राहत नसे?"

"अजिबात नाही."

"पंत, तुमच्या भावना महाराजांच्या कानावर घातल्याच पाहिजेत."

सिंहाने ऐकलं आणि त्यालाही गहिवरून आलं. नवे कॉम्प्युटर दरीत लोटण्याचा हुकूम निघाला. पण आधी सगळं दप्तर जुन्यात उतरवायचं होतं. ते काम अर्थातच पंतांकडे आलं.

पंतांनी पाय धुतले, कव्हर काढलं आणि हिरवी अक्षरं पाहून ढसाढसा रडले. मग झपाटल्यासारखे लिहीत बसले. तळं सर्वांचं. कुरण हरणांचं. निवृत्तीनंतर नदीकाठचं मधाच्या पोळ्यांचं झाड गुंडोपंतांचं. या झाडाच्या आशेवर त्यांनी उभा जन्म नोकरी केली होती.

उन्हाळ्यात हरणांना कळलं की तळं सर्वांचं नाही, कधीच नव्हतं. हरणांचाच काही गैरसमज झाला असावा, असं पंतांना वाटलं.

मग पंत निवृत्त झाले. गळ्यातला हार न काढताच झाडाखाली गेले. तिथे कोल्ह्याचा मेहुणा मध चाटत बसला होता. पंत तडक दरबारात आले.

"दिवाणजी, माझं झाड?"

"कुठलं झाड, पंत? लिहिलेलं असेल तर दाखवा."

पंतांनी पडदा वरपासून खालपर्यंत धुंडाळला. दोन ओळींमध्ये बोटभर जागासुद्धा सुटलेली नव्हती.

"इथे एक ओळ होती हो. मी माझ्या हाताने लिहिली होती."

"वय झालं, पंत," कोल्हा मायेने म्हणाला. "होतं असं."

पंतांच्या पोटात कावळे ओरडत होते. आता म्हातारपणी खायचं काय, हा प्रश्न होताच. तरी ते पुन्हा पडद्याकडे वळले. मग त्यांनी डोळे पुसले.

"काही म्हणा, दिवाणजी," ते म्हणाले, "अक्षरं मात्र सुरेख दिसतात."

तात्पर्य : साधेपणासारखं सुख नाही. निदान राज्य करणाऱ्यांना तरी.