डाव्या गालाचा प्रयोग

आरशासमोर उभं राहून संशोधक डाव्या गालावर तुरट अर्काचा दुसरा हात फिरवत होता, तेवढ्यात दारातून बायकोचा आवाज आला.

"अरे, आज समितीसमोर उभं राहायचंय ना? आजच कसले प्रयोग?"

"आजच तर! लाल गालांवरच बोलायचंय. निदान एक बाजू तरी बरी दिसू दे."

"मग दोन्हीला लाव."

"मग फरक कशाशी ताडून बघू?"

त्याचे गाल कायम तापलेले असत. कातडीतलं एक एन्झाइम वाजवीपेक्षा जास्त काम करतं, प्रथिनांचे तुकडे करत सुटतं आणि त्या तुकड्यांमुळे दाह होतो, हे त्याला तोंडपाठ होतं. डोळे मिटले की ते दिसायचंही. गुलाबी धुक्यात हजारो इवल्या कात्र्या कचकच चाललेल्या, आणि झाडाच्या सालीतला तुरटपणा दंवासारखा उतरून एकेक पातं मिटवतोय. परीक्षानळीत हे खरोखर घडलं होतं. समितीने आज पुढच्या संशोधनाला मान्यता दिली नाही, तर प्रयोगशाळेतलं त्याचं टेबल दुसऱ्याचं होणार होतं.

पण कात्र्या मिटायच्या आधी गालच आवळला. ओठाचा कोपरा जागीच थिजला, डोळा अर्धा झाकला गेला आणि आग आग व्हायला लागली.

बायकोने गार पाण्यात पिळलेला रुमाल त्याच्या हातात कोंबला. "धर गालाला. आणि डोळे उघडे ठेवून चाल!"

रुमाल डाव्या गालाला लावावा तर प्रयोग बिघडणार, न लावावा तर बायको बिघडणार. त्याने दोघांचंही मन राखलं आणि रुमाल उजव्या गालाला धरला.

बसमध्ये त्या गारव्यात तो पुन्हा धुक्यात शिरला. त्याचा अर्धा झाकलेला डोळा बघून समोरच्या बाईंना वाटलं, हा गृहस्थ आपल्याला डोळा मारतोय. त्यांनी जागा बदलली. त्या उठल्या तेव्हा हा भानावर आला. त्याचा थांबा केव्हाच मागे पडला होता. धावतपळत तो समितीसमोर पोचला.

अध्यक्षबाईंनी चष्मा सारखा केला. एक गाल टोमॅटोसारखा, दुसरा स्वच्छ.

"वा! गुण डोळ्यांना दिसतोय. उजव्या गालाला अर्क लावलात ना?"

नुसतं हो म्हटलं असतं तर काम झालं असतं.

"नाही, बाई. अर्क डाव्या गालाला लावलाय."

"मग उजव्याला?"

"पाणी."

"कसलं पाणी?"

"नळाचं."

कोणीतरी खोकलं. त्याला बाहेर थांबायला सांगितलं गेलं. टेबल गेलं, असं मनाशी म्हणत तो बाकावर बसला. धुक्यातल्या कात्र्याही आता कुत्सितपणे कचकचत होत्या.

अखेर अध्यक्षबाईच बाहेर आल्या.

"नळीतले निकाल पक्के आहेत. पण इतका जहाल अर्क उलट कातडीच जाळतो, हे तुम्ही स्वतःवर दाखवलंत आणि लपवलं नाहीत. अर्क पातळ करून किती सोसतो ते बघा. मान्यता आहे."

तो उभा राहिला. त्याला खूप काही बोलायचं होतं, पण चेहरा साथ देईना.

"खूश दिसत नाही तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"आहे ना, बाई," तो उजव्या बाजूने हसत म्हणाला, "सध्या अर्धाच. उरलेला संध्याकाळपर्यंत होईन."