जोत्याचा काळा कोट

पाम गावातल्या नव्या घराबद्दल सुलूवहिनींची एकच अट होती. भिंतीला हात लावून बघणार. हात ओला झाला तर परत बोईसर. बोईसरच्या तळमजल्यावर त्यांनी सात वर्षं काढली होती आणि तिथल्या ओल्या भिंतीने त्यांचा लग्नातला शालू, दोन गाद्या आणि मुलीचं दहावीचं प्रमाणपत्र खाल्लं होतं.

वास्तुशांत रविवारी होती. मंगळवारी त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे अण्णांनी, नव्या घराच्या भिंतीला सहज हात लावला. हात ओला झाला.

"आनंदा, हे काय?"

आनंदा गवंड्याने भिंतीला हात लावला आणि मग तो हात हुंगला.

"पाणी हाय," तो म्हणाला.

"ते मलापण कळलं. येतंय कुठून?"

"भायेरून. जोत्याला कोट नाय ना मारला. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं."

हे पटण्यासारखं होतं. हितेशच्या हार्डवेअरच्या दुकानातून पाणी अडवणाऱ्या काळ्या डांबरी कोटाचे दोन डबे आले. आनंदाने घराभोवती वीतभर चर खणला, जोतं घासून पुसून काळं केलं. बुधवारी अण्णांनी भिंतीला हात लावला. ओली.

"अण्णा, पहिला कोट तर भिंतच पिऊन टाकते," हितेश काउंटरमागून म्हणाला. "दुसरा मारून टाका. पहिला आडवा मारला ना? आता उभा."

दुसरा कोट उभा मारला. गुरुवारी ओल लाइटच्या बोर्डापर्यंत आली.

"चढतंय," आनंदा म्हणाला. त्याच्या आवाजात आदर होता. "आपण खालून अडवलं, म्हून वर पळालं."

मग कोटही वर पळाला, थेट खिडकीपर्यंत. चर गुडघाभर खोल झाला. रस्त्यावरून बघणाऱ्याला घर चिखल तुडवत आल्यासारखं दिसू लागलं.

हे सगळं रखवालदार देवूकाका खाटेवर बसून बघत होते. काका अण्णांच्या वडिलांच्या वेळचे. नेमकं काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, पण विचारायची त्यांना सवय नव्हती. सांगितलेलं करायची होती. संध्याकाळी अण्णा निघाले की ते वहिनींसाठी अळूची जुडी तेवढी हातात ठेवायचे.

"घराचं काय ते माहीत नाही," वहिनी बोईसरला अळू चिरताना म्हणायच्या, "पण तिथलं अळू छान आहे. घसा खाजत नाही."

शुक्रवारी शेवटची परीक्षा झाली. चर पाण्याने काठोकाठ भरला. संध्याकाळपर्यंत पाणी बोटभरही उतरलं नाही, म्हणजे भिंतीने एक घोटही घेतला नव्हता. आत मात्र भिंत ओलीच.

"भायेरचं भायेर हाय," आनंदा डोकं खाजवत म्हणाला. "मंग काय, आतून येतंय?"

यावर तो स्वतःच हसला. अण्णाही हसले. चार दिवसांत पहिल्यांदाच.

"एकदम सकाळी बघा," हितेशने फोनवर सांगितलं. "ऊन यायच्या आधी. ओल कुठून सुरू होते ते दिसून जाईल."

शनिवारी सकाळी सहाला अण्णा रिक्षातून उतरले. मागोमाग वहिनीही उतरल्या, कारण परीक्षा त्यांची होती. चरावरच्या फळीवरून दोघं पलीकडे गेली आणि अण्णांनी दार उघडलं.

आत देवूकाका हातात पाइप धरून भिंतीला पाणी मारत होते. कोपरे सोडत नव्हते.

"काका! हे काय करताय?"

"पाणी मारतो."

"भिंतीला?"

"तुमीच बोललात ना, पलास्टर झालं तवा. रोज सकाळी पाणी मारायचं. मी सांगेपर्यंत थांबायचं नाय."

अण्णांना आठवलं. गेल्या दिवाळीत म्हणाले होते. सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

"अहो, पण मध्ये रंग लागला ना!"

"म्हून तर आता हळू मारतो."

वहिनींनी भिंतीला हात लावला, तळवा बघितला आणि पदराला पुसला. अण्णांना त्या पुसण्यात बोईसरची परतीची रिक्षा दिसली.

"काका," ते घाईघाईने म्हणाले, "आता सांगतो. थांबा."

काकांनी लगेच नळ बंद केला. पाइप नीट गुंडाळला. दाराशी जाऊन ते थबकले.

"आनि वरचं?"

"वरचं काय?"

"सलॅबवरचे पान्याचे वाफे. सलॅब पक्का व्हायला ते भरून ठेवायला पण तुमीच बोललात."

जिना अजून व्हायचा होता. स्लॅब टाकल्यापासून काकांशिवाय कोणी वर गेलं नव्हतं. अण्णा शिडीने चढले, त्यांच्यामागे पदर खोचून वहिनी. वरती या टोकापासून त्या टोकापर्यंत चिखल, पाणी, आणि त्यात कमरेएवढं हिरवंगार अळू. भिंतीला काळा कोट मिळाला होता. इथे कोणी ब्रशसुद्धा फिरवला नव्हता.

"खाली छत कोरडं आहे," वहिनी सावकाश म्हणाल्या. "मी आत्ताच बघितलं. एक डाग नाही."

"नाय गळत," शिडीवरून काका म्हणाले.

वहिनींनी एक पान उलटंपालटं करून बघितलं. देठ मोडला.

"अहो, उद्या माणसं किती?"

"साठ," अण्णा भीतभीत म्हणाले. "येणार ना तू?"

"वड्या काय आनंदा तळणार?" वहिनी म्हणाल्या आणि काकांकडे वळल्या. "काका, भिंतीचं बंद म्हणजे बंद. पण वरचं चालू ठेवायचं. मी सांगेपर्यंत."