तात्यांचं लांबलचक गाऱ्हाणं

आमच्या लक्ष्मणतात्यांच्या घरी फ्रीज नाही, रेफ्रिजरेटर आहे. टीव्ही नाही, टेलिव्हिजन आहे. एकदा ते तापानं फणफणले होते. डॉक्टरांनी फ्लूचं निदान केलं, तर तात्या त्या तापातही उठून बसले आणि "इन्फ्लुएंझा" एवढं बोलून पुन्हा आडवे झाले.

तात्यांनी उमेदीची वर्षं जहाजावर स्वयंपाक करण्यात घालवली. तिथं कुणा साहेबानं लक्ष्मणचा 'लॅक' केला आणि तोच चिकटला. इंग्रजीतला कापलेला शब्द त्यांना तेव्हापासून सोसत नसावा, असा माझा आपला अंदाज. आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक गडगा आहे, दगडांची बुटकी भिंत. मी अंगणात 'बाईक' म्हटलं, की पलीकडून आवाज यायचाच, "त्या शब्दाक अर्धांगवायू झालो काय रे? मोटरसायकल म्हण."

तात्यांच्या पत्नी सुमतीकाकी मुद्दाम फ्रीजातलं ताक मागायच्या. तात्या आधी शब्द पुरा करून घ्यायचे, मग ताक द्यायचे. हे रोज चालायचं आणि दोघांनाही त्यात मजा वाटायची.

वाडीच्या देवळात वर्षाचं गाऱ्हाणं घालायचा मान तात्यांच्या घराचा. गुरंढोरं, माडपोफळी, मुंबईला गेलेली माणसं, सगळ्यांसाठी ते देवाला साकडं घालणार. प्रत्येक वाक्याला आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणायचं. भुकेजलेलं कुणी नुसतंच 'व्हय' म्हणालं, तर तात्या ते वाक्य पहिल्यापासून घ्यायचे. प्रसाद गार होऊन जायचा. बायकांच्या बाजूनं काकींचं "व्हय म्हाराजा" मात्र सगळ्यांच्या आधी, खणखणीत यायचं.

गेल्या वर्षी काकींनाच अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. शब्द सुरू व्हायचा आणि मध्येच अडायचा. बोलत राहिल्या नाहीत तर आहे ती वाचाही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण काकींनी तोंडच मिटलं. जन्मभर पुरे शब्द मागणाऱ्या माणसापुढं अर्धे कसे ठेवायचे, ही लाज असावी. तात्या भरवायला बसले, की त्या भिंतीकडे मान वळवायच्या. मी एकदोनदा मुद्दाम मोठ्यानं 'बाईक' म्हणून पाहिलं. गडग्यापलीकडून काही आलं नाही.

गाऱ्हाण्याच्या दिवशी तात्यांनी काकींना खुर्चीत बसवून देवळात आणलं. पहिलं वाक्य झालं. आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणालो. काकींचे ओठ हलले, "व्हय" इतकंच कसंबसं बाहेर आलं, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

तात्या थांबले. आता पुन्हा पहिल्यापासून, असं वाटून मी हात जोडूनच राहिलो. पण ते आमच्याकडे वळले.

"आज म्हाराजा नको," ते म्हणाले. "सगळ्यांनी नुसता व्हय म्हणा."

एका म्हाताऱ्यानं रीत मोडते म्हणून कुरकुर केली.

"देवाक कळता," तात्या म्हणाले आणि त्यांनी पुढचं वाक्य घेतलं.

आम्ही "व्हय" म्हणालो. मागून, जरा उशिरानं, काकींचं आलं. ते येईपर्यंत तात्या पुढं सरकले नाहीत. मग प्रत्येक वाक्याला तसंच. इतकं लांबलेलं गाऱ्हाणं मी आजवर ऐकलं नव्हतं, आणि त्या दिवशी ते संपू नये असं मला मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गडग्याशी झाडांना पाणी घालत होतो. पलीकडून तात्यांचा आवाज आला.

"टीव्ही लावू गो?"

जरा उशिरानं काकी म्हणाल्या, "व्हय."